आमच्या शाखेची दहावी सही

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर कॉलनीच्या भांडणांत पडतात. मी शाखेची सचिव झाले. लष्कराचे हिशेब आणि कागद सांभाळणाऱ्या लोकांची एक संघटना आहे, देशभर पसरलेली, तिची ही देवास-धार शाखा. आमच्यापैकी कोणी बंदूक हातात धरलेली नाही. पगाराची पत्रकं, पेन्शनच्या फायली, बुटांच्या आणि कांबळ्यांच्या मागण्या, यातच आमचा जन्म गेला. लग्नात कोणी विचारलं, "काकू, तुम्ही फौजेत होतात ना?" तर मी सरळ हो म्हणते. मांडवात बसून कुठे फोड करून सांगा.

सभा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, देवासला, माझ्याच घरी. शाखेला हॉल भाड्याने घेणं परवडत नाही आणि आमची बैठकीची खोली लांबट आहे, एवढीच आमची पात्रता. सभेत एखादं व्याख्यान असतं. पेन्शनचं नवीन पोर्टल कसं उघडायचं, मृत्युपत्र कसं करावं, गुडघे कसे जपावे. वर्षातल्या एका महिन्यात टोंकखुर्दला जाऊन माजी सैनिकांचे आणि त्यांच्या बायकांचे फॉर्म भरून देतो. आणि मग आमच्या ह्यांनी केलेले पोहे. हे बँकेत होते, त्यांचा आमच्या शाखेशी संबंध फक्त पोह्यांपुरता, पण पोहे असे की वर शेव घालायच्या आधीच निम्मे संपतात.

एका खोलीत इतके तपासनीस बसवल्यावर काय होतं ते मी नऊ वर्षं भोगते आहे. मागच्या सभेचं इतिवृत्त मी वाचलं की प्रत्येकाला त्यात काहीतरी खुपतंच. एकदा मी लिहिलं, 'सर्वांनी चहा घेतला.' लगेच एक हात वर. "मी दूध घेतलं होतं. दुरुस्ती व्हावी." दुरुस्ती झाली. मग दुसऱ्याने विचारलं, दुधात साखर होती का. मी वही मिटून आत निघून गेले, तर माझ्या जाण्याचीही नोंद झाली.

या सगळ्यांचे मुख्य म्हणजे आमचे अध्यक्ष. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. वय एकोणऐंशी, राहणार धार. पूर्वज तिथल्या दरबारी दफ्तरात, त्यामुळे बोलणं अजून जुन्या पत्रांसारखं. "आपण यावे, बसावे, पाणी घ्यावे." सकाळच्या बसने धारहून इंदूर, तिथे गाडी बदलून देवास. बरोबर कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली हजेरीची वही आणि हिरव्या शाईचं पेन. दाढी घोटलेली, टाय बांधलेला. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "साहेब, मे महिन्यात टाय?" तर म्हणाले, "सभा मे महिन्यात असली तरी सभाच असते."

नोकरीतले ते माझे पहिले अधिकारी. मी लिहिलेली पहिली टिपणी त्यांनी सात वेळा परत पाठवली. सहाव्या वेळी मी संडासात जाऊन रडले. सातव्या वेळी कोपऱ्यात हिरव्या शाईत दोन शब्द आले, 'आता बरे.' मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण माझे वडील आजारी पडले तेव्हा याच माणसाने माझी रजा स्वतः लिहून मंजूर केली आणि महिनाभर माझं टेबल स्वतः सांभाळलं. परत आले तर टेबलावर चिठ्ठी. माझ्या गैरहजेरीत त्यांच्याकडून झालेल्या तीन चुकांची यादी, अनुक्रमांक घालून. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर जीव आहे. सांगून टाकते.

शाखा त्यांनीच सुरू केली. वहिनीसाहेब तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा दूर परदेशात, घरात साहेब आणि एक रेडिओ. महिन्यातला हा एक रविवार हेच त्यांचं जाणं-येणं. हजेरी तर त्यांच्या हातातच. टेबलाच्या पलीकडे ते वही उघडून बसायचे, आम्ही एकेकाने जाऊन सही करायची, ते प्रत्येकाचा चेहरा चष्म्यावरून बघायचे, जणू कोणी तोतया आला असेल. शेवटच्या सहीखाली रेघ मारायची आणि हिरव्या शाईत लिहायचं, 'वरील नऊ सह्या माझ्या समक्ष.' खाली त्यांची ती लफ्फेदार सही. तो आकडा मी मुख्य कार्यालयाला कळवायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग ते पत्र आलं.

शाखेची उपस्थिती सतत नऊ आहे, नियमाने किमान दहा लागते. येत्या वार्षिक सभेला दहा सभासद प्रत्यक्ष हजर नसतील तर शाखा बंद करून इंदूरच्या शाखेत मिळवली जाईल. मी ते साहेबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पत्राचा जावक क्रमांक काय आहे?" मी सांगितला. म्हणाले, "बरे," आणि फोन ठेवला.

आता खरं बघायला गेलं तर धारहून इंदूर जवळ. देवासचा निम्मा प्रवास वाचला असता. आमचे हे म्हणाले, "अगं, मग चांगलंच आहे की. म्हाताऱ्या माणसाचा एक बस बदलायचा त्रास गेला." मी असं काही बघितलं की ते ओट्याकडे वळले. इंदूरची शाखा हॉटेलात भरते, दीडशे माणसं, माईक, गळ्यात अडकवायची कार्डं. तिथे साहेबांना पाचव्या रांगेत खुर्ची मिळाली असती आणि बाटलीतलं पाणी. ते दोनदा गेले असते. तिसऱ्यांदा टाय बांधलाच नसता. हे मला लख्ख दिसत होतं.

कागदावर चौदा सभासद, पण कोणी बंगळूरला मुलाकडे, कोणी अंथरुणाला खिळलेलं. मी फोन लावत सुटले. महूच्या छावणीत आमच्याच खात्यातली एक तरुण अधिकारी सापडली. मूळची देवासची, मराठी घरातली, मराठी बोलते फटाफट पण वाचायला दिलं की अडखळते. म्हणाली, "मावशी, मी नक्की येते, फॉर्म हिंदीत आहे ना?" फॉर्म भरून घेतला. दहावी मिळाली म्हणून मी गणपतीला साखर ठेवली. आणि त्याच आठवड्यात आमचे धरमपुरीचे काका घरातल्या घरात उंबऱ्याला अडखळून पडले. पाय प्लॅस्टरमध्ये. काका म्हणजे आमचे सगळ्यात नेमाने येणारे सभासद, पहाटेची बस धरून येणारे. म्हणजे आम्ही पुन्हा नऊवर.

मी हात टेकले होते. पण टोंकखुर्दचे भिया, माळव्यात भाऊला भियाच म्हणतात, आमच्यात आहेत, लष्कराच्या पगार कार्यालयात कारकून होते, आता सोयाबीन आणि म्हशी. त्यांच्या डोक्यात कधी काही अवघड शिरतच नाही. फोनवर म्हणाले, "दीदी, इसमें क्या है. काका नी आ सकते तो अपन चलते. सभाच धरमपुरीला लावा ना."

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "स्थळ बदलण्यास पंधरा दिवसांची लेखी सूचना हवी." मी सोळा दिवस आधी पाठवली. एक दिवस जास्तीचा, त्यांना आवडावा म्हणून.

भियांच्या मेहुण्याची मोठी जीप, चालवणार भिया, आत आम्ही देवासकडचे सात जण. मानपूरचा घाट उतरताना मागच्या सीटवर महागाई भत्त्यावर वाद चालला होता आणि पुढे भिया हॉर्न वाजवून त्यात आपलं मत देत होते. खलघाटच्या अलीकडे वळून आम्ही धरमपुरीला पोचलो तर साहेब आमच्या आधी हजर. धारहून बसने आले होते. काकांच्या ओसरीवर, नर्मदेकडे तोंड करून, टेबलावर वही उघडून बसलेले. टाय निळा. तो वार्षिक सभेचा टाय.

काकांची बायको, आमच्या सगळ्यांच्या वहिनी, चुलीशी होत्या. मक्याच्या पिठाचे पानिये पळसाच्या पानात बांधून शेणीच्या विस्तवात भाजायला घातले होते, त्याचा वास सगळ्या अंगणात. काका ओसरीवरच खुर्चीत, प्लॅस्टरचा पाय पाटावर. हसत म्हणाले, "अख्खी शाखा घरी आली. आधी माहीत असतं तर मागेच पडलो असतो."

सह्या सुरू झाल्या. मी, भिया, गाडीतले बाकीचे सहा, काका. नऊ. महूची मुलगी यायची होती. सगळे रस्त्याकडे बघत होते. साडेअकराला तिचा फोन आला. "मावशी, सॉरी, अचानक तपासणीचं पथक आलंय. मी निघूच शकत नाही." रडवेली झाली होती बिचारी. मी म्हटलं, "असू दे बाळा, काम आधी." फोन ठेवला.

ओसरीवर सांगितलं. एवढे आक्षेप काढणारे लोक, पण जो तो वहीतल्या सह्याच पुन्हा मोजायला लागला. भिया हळूच म्हणाले, "एक सही कोणी पण मारून देतो. कौन देखता है." आणि मग स्वतःच जीभ चावली. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पट्टी घेतली, नवव्या सहीखाली रेघ मारली. सरळ मारली. मग पेनचं टोपण काढून हातात धरून बसले आणि नदीकडे बघत राहिले. मला ते बघवेना. मी उठून आत गेले.

आत वहिनी पत्रावळी मांडत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, ती महूची मुलगी येत नाही. नऊच पानं ठेवा."

त्या म्हणाल्या, "नऊ कशी? दहा आहेत."

"नाही हो, नऊ. मी आत्ताच मोजून आले."

"मी पण आत्ताच ओसरीवर डोकी मोजून आले. तिला धरलंच नाही मी. ती आली असती तर अकरावं लावलं असतं."

मला जरा रागच आला. एक तर मन ठिकाणावर नाही, त्यात माझी मोजणी कोणी चुकीची ठरवावी म्हणजे काय. मी बाहेर जाऊन साहेबांच्या समोरची वही उचलून आणली आणि चुलीसमोर धरली. "बघा. एक, दोन, तीन..."

वहिनींनी माझं मनगट धरून मला दारात उभं केलं. "वहीत काय बघता, ताई? तिकडे बघा." आणि हातातल्या डावाने एकेकाकडे बोट केल्यासारखं करत मोजलं. "हे आमचे. हे गाडीवाले भाऊ. हे सहा जण. तुम्ही. आणि ते, नदीकडे तोंड करून बसलेत ते. ते जेवणार नाहीत का?"

"ते साहेब आहेत, वहिनी."

"साहेब असले म्हणून काय झालं? माणसात धरत नाहीत का त्यांना?"

मी तशीच उभी राहिले. डावातलं वरण माझ्या साडीवर सांडलं तेही मला नंतर कळलं. आम्ही जन्मभर हेच शिकलो होतो की जो तपासतो तो यादीत नसतो. तपासणारा वेगळा, ज्यांना तपासायचं ते वेगळे. ते इतकं अंगात भिनलेलं की शाखा सुरू झाल्यापासून साहेबांनी एकदाही हजेरीत सही केली नव्हती आणि आमच्यातल्या एकालाही ते विचित्र वाटलं नव्हतं. नऊ वर्षं मी 'नऊ' कळवत होते. आमचे हे दर महिन्याला पोह्यांच्या दहा प्लेटी भरायचे. मी त्यांना किती वेळा बोलले होते, की एक जास्तीची भरता. ते म्हणायचे, "उरत तर नाही कधी." बाई गं.

मी वही घेऊन ओसरीवर आले आणि सांगितलं. आधी कोणाला कळलंच नाही. मग काका इतके हसले की प्लॅस्टरच्या पायाला धक्का बसून ओरडले. भिया म्हणाले, "म्हणजे अपन सालों से पूरे थे."

एक साहेब तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "मी माझीच उपस्थिती प्रमाणित करू शकत नाही. ते नियमाला धरून होणार नाही."

"मग तुम्ही यादीत सही करा," मी म्हटलं, "आणि प्रमाणित मी करते."

"मग बाई, तुम्हांला यादीतून निघावे लागेल. पुन्हा नऊच."

खरं होतं ते. आता सगळ्यांना कंठ फुटला. हा म्हणे याने करावं, तो म्हणे त्याने, आणि प्रत्येक जण ज्याला पुढे करी तो आपोआप यादीबाहेर पडे. पंधरा मिनिटं असं चाललं. शेवटी वहिनी डाव घेऊन बाहेर आल्या. "पानं वाढू का? पानिये गार होतायत."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. नीट, चष्म्यावरून, तोतया बघायचे तसं. मग विचारलं, "आपण सभासद नाही ना?"

"मी? मला काय करायचंय तुमच्या शाखेचं," वहिनी म्हणाल्या.

"आणि आपण प्रत्यक्ष मोजले आहे?"

"दोनदा."

साहेब उठले. ती नऊ सह्यांखालची सरळ रेघ त्यांनी फुली मारून रद्द केली, फुलीशेजारी आद्याक्षरं घातली, आणि टेबलाच्या अलीकडे, आमच्या बाजूला आले. माझ्याकडून साधं निळं पेन मागून घेतलं. दहाव्या ओळीवर नाव लिहिताना त्यांचा हात जरा थांबला. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षे मी इथे नव्हतोच."

"होतात," मी म्हटलं. "आम्हीच धरलं नाही."

त्यांनी सही केली. मग हिरवं पेन वहिनींपुढे धरलं. ते पेन त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाच्या हातात दिलेलं मी पाहिलं नाही. एकदा मी कार्यालयात चुकून उचललं होतं तर दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी.

वहिनींनी पदराला हात पुसले. "काय लिहू? 'दहा पानं वाढली, दहाही जेवले' असं लिहू?"

"अजून जेवण झालेले नाही," साहेब म्हणाले. "झाल्याशिवाय तसे प्रमाणित करता येणार नाही."

म्हणून आधी जेवलो. डाळ, पानिये, लसणाची चटणी, आणि तूप असं की पत्रावळीतून ओघळ निघाले. भिया नऊ पानिये खाऊन थांबले आणि दहावा नियम म्हणून घेतला. साहेबांनीही दोनदा वरण मागून घेतलं. मग वहिनींनी चुलीची राख झटकून, ओसरीच्या पायरीवर बसून, एकेक अक्षर लावत हिरव्या शाईत लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. काका मान लांब करून बघत होते. त्यांना म्हणाल्या, "बघू नका, मला येतं."

महिन्याभराने मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं. उपस्थिती दहा, शाखा चालू ठेवण्यास हरकत नाही. खाली एक शेरा होताच, 'प्रमाणित करणाऱ्या व्यक्तीचे पदनाम नमूद नाही, ते कळवावे.' मी साहेबांना फोन केला. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "लिहा, गृहस्वामिनी." तसं कळवलं. त्यावर पुढे आक्षेप आला नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी ते नेहमीच्या बसने देवासला आले. पिशवी, वही, टाय. पण या वेळी टेबलाच्या पलीकडे बसले नाहीत. हिरवं पेन त्यांनी पोह्यांचा ट्रे घेऊन आलेल्या आमच्या ह्यांना दिलं आणि म्हणाले, "आपण मोजावे." आमच्या ह्यांची छाती दोन इंच वर आली. ते म्हणाले, "साहेब, मी पहिल्यापासून दहाच मोजतोय. घरात ऐकतं कोण?"

सभा संपल्यावर मी साहेबांना बसपर्यंत सोडायला गेले. इंदूरच्या गाडीला वेळ होता. स्टँडच्या बाकावर बसून ते बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, ही गेल्यापासून, मी घरी आलो काय आणि न आलो काय, कोणी विचारणारे नाही. आज वहीत नाव लिहिले. बरे वाटले."

गाडी लागली. ते चढले, खिडकीशी बसले. गाडी हलेपर्यंत मी खाली उभी होते. कंडक्टर पुढून सीटा मोजत आला. त्यांच्या सीटपाशी त्याने बोट केलं तेव्हा साहेबांनी हात थोडा वर केला आणि म्हणाले, "हजर."